अक्का छाट निघाली

आमच्या सोलापुरात संगणकाचा पणजोबा पूर्व भागातल्या कारखान्यात रोज खटाखट चालतो, हे पुण्यामुंबईच्या तज्ज्ञांना सांगितलं तर हसतात. यंत्रमागाच्या डोक्यावर जकार्ड असतं. त्यात भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते. भोक असेल तिथं ताण्याचा दोरा उचलला जातो, नसेल तिथं पडून राहतो, आणि खाली चादरीवर फूल उमटतं. याच पुठ्ठ्यांची कल्पना चार्ल्स बॅबेजनं एकोणिसाव्या शतकात आपल्या गणनयंत्रासाठी उचलली. चादर मात्र आम्ही पांघरून झोपलो.

परवा एका सभागृहात ‘सर्वसमावेशक कृत्रिम बुद्धिमत्ता’ या विषयावर परिसंवाद होता. वक्ते म्हणाले, सोलापूर म्हणजे वैविध्याची खाण; इथं मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू एकाच गल्लीत नांदतात. खरंच आहे. वैविध्य एवढं, की ते व्यासपीठावर मावलं नाही. तिथं सात पुरुष बसले होते. त्यातल्या त्यात वेगळेपण म्हणून एकानं जाकीट घातलं होतं. बायकांना वगळलं असं कोणी म्हणू नये: दीपप्रज्वलनाचं तेल, रांगोळी आणि सूत्रसंचालन ही तिन्ही खाती त्यांच्याकडेच होती.

थोरामोठ्यांच्या घरीही निराळं नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये ओपनएआयच्या संचालक मंडळात भाऊबंदकी झाली, प्रमुख सॅम ऑल्टमन गेले, पाच दिवसांत परतले. धुरळा बसल्यावर पाहतात तो मंडळावरच्या दोन्ही बायका बाहेर आणि आत तिघे पुरुष. मार्च 2024 मध्ये तीन बायका घेतल्या. साऱ्या मानवजातीच्या भल्यासाठी काढलेल्या संस्थेला निम्मी मानवजात आठवायला चार महिने लागले. आमच्या सोसायटीला अजून आठवलेली नाही, त्यामुळे मी फार बोलत नाही.

तर या परिसंवादाला फोटोपुरती ‘तळागाळातली महिला’ हवी होती. मी कुंभारीच्या विडी घरकुलातल्या, विड्या वळणाऱ्या अक्काला घेऊन गेलो. दारात हजेरीचं यंत्र. अक्कानं अंगठा ठेवला. पुन्हा ठेवला. पदराला पुसून ठेवला. यंत्राचं आपलं एकच पालुपद: पुन्हा प्रयत्न करा. तेंदूपान, तंबाखू आणि दोरा यांत चाळीस वर्षं गेली, रेषा राहणार कुठून? रेशन दुकानातही हीच कथा. कारखान्यात विड्या पारखताना पसंत न पडलेल्या बाजूला काढतात; ती छाट, तिची मजुरी नाही.

अक्का म्हणाली, “आजवर विडी छाट निघायची. हितं मीच निघाले की!”

आत एक विद्वान 2018 सालचं संशोधन सांगत होते. जॉय बुओलाम्विनी आणि तिम्नित गेब्रू या दोघींनी चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष ठरवणारी तीन यंत्रं तपासली. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुकांचं प्रमाण फार तर 0.8 टक्के, सावळ्या बायकांच्या बाबतीत मात्र एका यंत्रात ते 34.7 टक्क्यांवर गेलेलं. सभागृह हळहळलं. दाराशी अक्काचा सहावा प्रयत्न चालू होता.

शेवटी स्वयंसेवक म्हणाला, “राहू द्या आजी, फोटोपुरतं या आत.”

सातही जणांचा सोलापुरी चादर देऊन सत्कार झाला, अक्का कडेला उभी राहिली, फोटो निघाला. दुसऱ्या दिवशी पेपरात आला तेव्हा जागेअभावी कडेनं कापलेला. अक्काचं कोपर तेवढं वाचलं होतं.

तिनं पेपर डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ न्याहाळला आणि जाकीटवाल्याच्या खांद्यावर बोट ठेवलं.

“ही चादर आमच्याच गल्लीतल्या कारखान्याची बघ. कांडी सुनेनं भरलीय.”