विमानतळाचा बीटा

नोकरी सांभाळून संध्याकाळी एमएफएम करणाऱ्यांना ‘सिक्युरिटी अॅनालिसिस अँड पोर्टफोलिओ मॅनेजमेंट’ नावाचा विषय असतो. वर्गातली निम्मी मंडळी एकाच आशेवर येतात, की सर कधीतरी एखादा शेअर सांगतील. सर शेअर सांगत नाहीत. सर मार्कोविट्झ सांगतात.

हॅरी मार्कोविट्झने १९५२ साली एका लेखात मांडलं, की गुंतवणूक एकेकटी बघायची नसते, ती बाकीच्यांबरोबर कशी वागते ते बघायचं. सरांनी हे वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात नेऊन सोडलं: दोन्ही गाळे कांद्याचे असले तर एकाच पावसात दोन्ही भिजतात, एक कांद्याचा आणि एक छत्र्यांचा असेल तर मालक निवांत घोरतो. पीएचडीच्या तोंडी परीक्षेत मिल्टन फ्रीडमन यांनी ‘हे अर्थशास्त्रच नव्हे’ म्हणून मार्कोविट्झला धारेवर धरलं होतं. पुढे १९९० मध्ये याच कामासाठी त्याला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. व्हायवात सोलून निघालेल्या आमच्या वर्गाला तो इथे आपला वाटला.

प्रोजेक्ट होता एका कुटुंबाच्या पोर्टफोलिओचा. मी सासऱ्यांना धरलं. नानांनी कपाटातून रेक्झिनची बॅग काढली. सगळ्यात वर सिडकोचं अलॉटमेंट लेटर, लॅमिनेट केलेलं, एका कोपऱ्यात बुडबुडा आलेलं. त्याखाली एलआयसीच्या पावत्या, पोस्टाची पासबुकं, आणि मग जमिनीच जमिनी. उलव्याचा वन बीएचके, चुलतभावाच्या भागीदारीत उरणचे गुंठे, कर्जतचा एनए प्लॉट.

“नाना, हे सगळं एकाच प्रकारचं झालं.”

“एकाच कसं? तीन तालुके आहेत!”

“आणि सोनं?”

“ते प्रोजेक्टात घालायचं नाही,” स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या. पोर्टफोलिओतली एकमेव छत्री अशी हातची गेली.

तीन तालुक्यांमागे कारण मात्र एकच. नवी मुंबईचा विमानतळ येतोय. २००७ साली केंद्राची तत्त्वतः मंजुरी आली, तेव्हापासून तो येतच होता. २०१८ च्या फेब्रुवारीत भूमिपूजन, ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन, आणि त्या नाताळला पहिली विमानं. मधल्या काळात पेपरात बातमी आली की नाना एजंटला फोन करायचे, तारीख पुढे गेली की एजंट नानांना. शेअर निर्देशांकाबरोबर किती नाचतो, ते बीटा सांगतो. नानांचा निर्देशांक सेन्सेक्स नव्हताच. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात ३,९३४ अंकांनी कोसळला, तेव्हा नानांनी एवढंच विचारलं होतं, “लॉकडाऊनमध्ये सपाटीकरणाचं काम चालू राहील ना गं?”

खरी पंचाईत पुढे झाली. या शास्त्रात जोखीम म्हणजे भावाची वरखाली. उलव्याचा भाव कुठल्याच पडद्यावर रोज लाल-हिरवा होत नाही. तो लग्नकार्यात कळतो, तोही सांगणाऱ्याला विकायचं नसेल तर. त्यामुळे नानांची वरखाली शून्य. विल्यम शार्पच्या गुणोत्तरात जादा परताव्याला जोखमीने भागायचं असतं. मी भागलं, एक्सेलने हात टेकले. रात्रभर शेअरचे भाव बघून आम्ही वर्गात जांभया देतो, आणि जगातला सर्वोत्तम गुंतवणूकदार नेरूळला दुपारी दोन ते चार झोपलेला असतो. भाव विचारायचाच नाही, हे जोखीम व्यवस्थापन कुठल्या सेमिस्टरला आहे, ते सरांना विचारायला हवं.

सरांनी सल्ला दिला, सासऱ्यांना थोडं बाजाराचं शिक्षण द्या; सेबीची एनआयएसएम ही संस्था त्यासाठीच आहे. घरी सांगितलं, की तिचा मोठा कॅम्पस पाताळगंगेला आहे.

“पाताळगंगेला?” नाना उठून बसले. “गुंठ्याला काय भाव चाललाय?”

शेवटचं शस्त्र म्हणून मी सांगितलं, की खुद्द मार्कोविट्झने स्वतःचे निवृत्तीचे पैसे सूत्रबित्र न मांडता निम्मे शेअरमध्ये, निम्मे रोख्यांत टाकले होते. पुढे हळहळ नको म्हणून.

“म्हणजे जमीन नाहीच?” नाना कळवळले. “आहेत का अजून?”

“२०२३ मध्ये गेले.”

“अरेरे. मुलाबाळांना तरी कळव, सूनबाई. तिसरी मुंबई येतेय. एजंट आपला आहे.”