आंबा घाट, आषाढ आणि ॲव्हरेज

कोल्हापुरात नवी गाडी दारात उभी राहिली की रंगाची चौकशी नंतर होते, आधी प्रश्न येतो, "ॲव्हरेज किती देती?" भाचेरावांनी उत्तर पाठच करून ठेवलं होतं: सत्तावीस पूर्णांक सत्त्याण्णव. 2022 साली टोयोटाची हायरायडर आणि मारुतीची ग्रँड विटारा बाजारात आल्या, तेव्हा त्यांच्या स्ट्राँग हायब्रिड प्रकाराचं प्रमाणित मायलेज लिटरला 27.97 किलोमीटर असं जाहीर झालं होतं. भाचेरावांची हायब्रिड त्याच कुळातली. पूर्णांकानंतरचे आकडे ते विशेष ठसक्यात उच्चारत.

आषाढातल्या एका शनिवारी हा आकडा रत्नागिरीला नेऊन आणायचं ठरलं. बरोबर सूनबाई आणि एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर मामा. मामांनी पाहुण्यांसाठी गुळाच्या ढेपा आणल्या होत्या. डिकी भरल्यावर उरलेली ढेप त्यांनी मागच्या सीटजवळच्या जाळीला टेकवून ठेवली, तसे भाचेराव किंचाळले. त्या जाळीतून हायब्रिडच्या बॅटरीला गार हवा मिळते. जाळी बुजली, बॅटरी तापली, की गाडी तिच्याकडून काम कमी घेते आणि सगळा भार इंजिनावर येतो.

"म्हंजे बॅटरीला खिडकीची शीट लागती," असं म्हणून मामा ढेप मांडीवर घेऊन बसले.

सुरुवात झकास झाली. शिवाजी पुलावर पंचगंगेचं पाणी बघायला निम्मं गाव लोटलं होतं. राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांवर गेलं की इशारा आणि 43 फुटांवर धोका, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्यामुळे प्रत्येक जण गाडी हळू करून स्वतःचा अंदाज वर्तवत होता. या कोंडीत भाचेरावांचा चेहरा मात्र खुलत चालला. इंजिन बंद, गाडी बॅटरीवर गोगलगायीच्या चालीनं सरकतेय, ब्रेक दाबला की मोटरच जनरेटर होऊन थोडी वीज परत बॅटरीत भरतेय. साध्या गाडीत हीच शक्ती ब्रेकमध्ये तापून फुकट जाते. पडद्यावरचा आकडा 26 कडे निघाला. ट्रॅफिक जॅममध्ये हसणारा ड्रायव्हर मामांनी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता.

पुढे जिथे रस्ता चौपदरी झालाय, तिथे भाचेरावांचा पाय मोकळा झाला आणि आकडा घसरायला लागला. वेग 80 वरून 100 वर नेला तर वाऱ्याचा विरोध दीडपटीहून जास्त होतो. मोकळ्या रस्त्यावर ब्रेकच लागत नाही, म्हणजे परत मिळवण्यासारखंही काही नसतं. इंजिन आपलं सलग राबतं. त्यात पावसानं साचलेलं पाणी टायरला बाजूला सारत जावं लागतं आणि काचा धुरकटू नयेत म्हणून एसी लावावाच लागतो. आकडा 19 वर आला, तेव्हा सूनबाईंनी प्रमाणपत्राची चौकशी केली. तो आकडा प्रयोगशाळेत, रोलरवर काढतात, हे त्यांना तेव्हा कळलं. वीसेक मिनिटांची ठरलेली फेरी, कमाल वेग ताशी 90, एसी बंद. तिथे आषाढ नसतो, खड्डे नसतात आणि मामाही नसतात.

आंब्याला चहासाठी थांबले. पाऊस चुकवायला सूनबाई एसी लावून गाडीतच बसल्या. काही वेळानं, स्टिअरिंगवर कोणी नसताना, इंजिन आपोआप सुरू झालं आणि टपरीवाल्याच्या हातातली किटली हिंदकळली. या गाडीतला एसी विजेवर चालतो. बॅटरी उतरत आली की ती भरण्यासाठी इंजिन न विचारता जागं होतं. "काय न्हाई, डबल ड्यूटी हाय तिची," मामांनी त्याची समजूत घातली.

मग घाट. मामांचा दंडक जुना: ज्या गिअरात चढायचं, त्याच गिअरात उतरायचं. भाचेरावांना कुणीतरी न्यूट्रलचा सल्ला दिला होता. तो धोक्याचा तर आहेच, पण हायब्रिडमध्ये तोट्याचाही, कारण न्यूट्रलमध्ये बॅटरी भरतच नाही. म्हणून दांडा उतारासाठीच्या 'बी' वर टाकला. थोड्याच उतारात बॅटरीच्या पट्ट्या भरल्या आणि इंजिन घोंगावू लागलं. पेट्रोल न जाळता ते आता फक्त गाडी रोखून धरत होतं.

इथे एक हिशेब केलाच पाहिजे. माणसं आणि गूळ धरून दीड टनाची गाडी 600 मीटर खाली उतरते, तेव्हा सुमारे अडीच युनिट ऊर्जा मोकळी होते. बॅटरी आहे 0.76 युनिटची, आणि तीही काठोकाठ वापरली जात नाही. आभाळ फाटलंय आणि दारात एकच कळशी, अशी गत! उरलेलं सगळं घाटातच सांडतं.

रत्नागिरीत जेवताना सूनबाईंच्या भावाचा मिनेसोटाहून फोन आला, आणि तिकडच्या हिवाळ्यातलं ॲव्हरेज ऐकून भाचेरावांना जरा धीर आला. अमेरिकी सरकारच्या चाचण्यांनुसार, शहरातल्या फेऱ्यांत 25 अंशांच्या मानानं उणे 7 अंशांना साध्या पेट्रोल गाडीचं मायलेज सुमारे 15 टक्के घटतं, हायब्रिडचं मात्र 30 ते 34 टक्के. गारठलेली बॅटरी चार्ज नीट घेत नाही आणि हीटरसाठी इंजिन चालू ठेवावं लागतं. या बाबतीत आपला आषाढ परवडला.

परतीच्या चढाला इंजिन एका सुरात ओरडू लागलं, वेग मात्र तेवढाच. "क्लच घसरतोय," मामा म्हणाले. या गाडीला तसा क्लचच नाही, हे त्यांना पटवेपर्यंत मलकापूर आलं. चढावरचा आकडा इथे छापत नाही.

कोल्हापुरात पंपावर आणखी एक आरोपी सापडला. 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणजे मिश्रणात सहा-सात टक्क्यांची खोट.

"आन् इथेनॉल कशापास्नं करत्यात?"

"उसापासनं, मामा."

"म्हंजे आपलाच ऊस आपलं ॲव्हरेज खातोय?" मामा गप्प झाले. त्यांचा स्वतःचा दीड एकर ऊस कारखान्याला जातो.

टाकी ते टाकी हिशेब निघाला लिटरला 20.4. भर पावसात, दोन्ही वेळा घाट, एसी आणि गूळ धरून हे उत्तम आहे. तेवढ्याच आकाराची साधी ऑटोमॅटिक पेट्रोल गाडी शिवाजी पुलावरच हरली असती. ज्यांना आपला खरा आकडा हवा असेल, त्यांनी टायरमधली हवा तपासून, एकाच पंपावर, दोन-चार टाक्यांचा असाच हिशेब ठेवावा. आणि शेजारच्यांना सांगताना ऋतूही सांगावा.