पानिपत, सोमवार ते शनिवार

पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी सकाळी सुरू झाली आणि दिवस मावळेपर्यंत आटोपली. एवढा खर्च, एवढी माणसे, आणि एका दिवसात निकाल! नियोजनातले हे दारिद्र्य मालिकांनी दूर केले, याबद्दल त्यांचे जाहीर अभिनंदन. आता तलवार सोमवारी उपसली जाते, तीन कोनांतून दिसते आणि शनिवारी खाली येते. ज्याच्या डोक्यावर यायची, तो दरम्यान दोन स्वगते आणि धुण्याच्या पावडरीची जाहिरात निभावून नेतो. छावणीत अन्नान्न दशा, पण शिलेदाराचा अंगरखा कडक इस्त्रीचा. रसद तुटली तरी परीट पोचत असावा.

वाचकांचे शौर्यही कमी नाही. विश्वास पाटलांची ‘पानिपत’ ही कादंबरी १९८८ साली आली. तेव्हापासून सोफ्यावर लोळून, चिवडा चघळत, ‘भाऊसाहेब, हत्तीवरून उतरू नका’ असे बजावणाऱ्या सेनानींची फौज वाढतेच आहे. त्यांच्या समाधानासाठी निदान मालिकेत तरी भाऊंना जिंकू द्यावे, अशी आमची नम्र सूचना होती. वाहिनीला ती तत्त्वतः मान्य आहे. पण टीआरपी उत्तम असल्याने तूर्त अब्दालीला सहा महिने मुदतवाढ मिळाली आहे.