ताण कमी करण्याचे उपाय लिहा (गुण ५)

डोंबिवलीला आमच्या धाकट्या भावाकडे यंदा दहावी आहे. त्यामुळे पाच दिवसांचे गणपती दीड दिवसांत आटोपले, दिवाळीचा किल्ला रद्द झाला आणि टीव्हीवर जो टॉवेल पडला आहे तो निकाल लागेपर्यंत उठायचा नाही. नात्यातल्या लग्नांना त्या घरातून एकच माणूस जातो आणि अक्षता पडल्या की आहेर देऊन, न जेवता, लोकल पकडतो.

दहावीचे वर्ष जूनमध्ये सुरू होते असा शिक्षण खात्याचा समज आहे. प्रत्यक्षात ते नववीचा शेवटचा पेपर देऊन मुलगा घरी येतो त्या संध्याकाळी सुरू होते. एप्रिल-मे व्हेकेशन बॅच. दिवाळीपर्यंत पोर्शन संपतो. मग पहिली रिव्हिजन, दुसरी रिव्हिजन, टेस्ट सिरीज, शाळेची प्रिलिम, आणि शाळेची प्रिलिम सोपी होती म्हणून क्लासची प्रिलिम. बोर्ड फेब्रुवारीत जी परीक्षा घेते ती यानंतरची. माझ्या मते बोर्डाने एवढा खर्च करू नये. तोवर मुलांनी ती परीक्षा इतक्यांदा देऊन झालेली असते की उत्तरपत्रिका रद्दीतूनही गोळा करता येतील.

तर जानेवारीच्या शेवटी पुतण्या बंद पडला. म्हणजे आजारी वगैरे नाही. पुस्तक उघडे, डोळे उघडे, पान मात्र सकाळपासून तेच. गुरुत्वाकर्षणाचा धडा होता, आणि त्याची मान त्याचे प्रात्यक्षिक करत होती. मी विचारले, "दमलास का रे?"

तो म्हणाला, "काका, थोडक्यात सांगू की सविस्तर?"

घरात उपाययोजना तातडीने सुरू झाली. सकाळी साडेपाचला भिजवलेले बदाम. पावणेसहाला प्राणायाम, कारण त्याने एकाग्रता वाढते. ब्राह्मीच्या गोळ्या. भावाने जुने वेळापत्रक फाडून नवे केले, त्यात पंधरा-पंधरा मिनिटांचे रंगीत चौकोन आहेत आणि त्यातल्या एका फिकट निळ्या चौकोनात 'रिलॅक्स' असे लिहिले आहे (रात्री १०.४५ ते ११.००). क्लासने रविवारी सकाळी सात वाजता पालकांसह ताणमुक्ती कार्यशाळा ठेवली. तीन तास चालली. वक्त्याने शेवटी सर्वांना डोळे मिटायला सांगितले, तेव्हा मागच्या चार रांगा झोपल्या. त्यांना उठवून, शिस्त या विषयावर चार शब्द सुनावून मगच कार्यशाळा संपवण्यात आली.

थकलेल्या माणसाला सुचवता येईल ते सगळे सुचवून झाले. झोप कोणी सुचवली नाही.

मी एकदा धीर करून सांगून पाहिले, की १३ ते १८ या वयाला रोज ८ ते १० तास झोप हवी असे अमेरिकेतले निद्रातज्ज्ञ म्हणतात, आणि दिवसा वाचलेले मेंदूत पक्के बसते तेही झोपेतच. भाऊ शांतपणे म्हणाला, "अमेरिकेत दहावी नसते." वहिनींनी मला आत बोलावून, पोराच्या देखत असले विषय काढू नका, असे सांगितले.

वास्तविक बोर्ड या बाबतीत घरापेक्षा पुढे आहे. विज्ञान भाग २ च्या पुस्तकात नववा धडा 'सामाजिक आरोग्य' नावाचा आहे. त्यात ताणतणाव आहे, त्याचे व्यवस्थापन आहे, संवाद साधा आहे, छंद जोपासा आहे, हास्यमंडळ आहे. अतिशय शहाणा धडा. पुतण्याने तो पाठ केला आहे. ताण कमी करण्याचे मार्ग तो एका दमात म्हणतो, आणि मध्ये एखादा मुद्दा राहिला तर त्याच्या तळहाताला घाम सुटतो. क्लासच्या चाचणीत त्याने 'मित्रांशी बोलणे' हा मुद्दा गाळला म्हणून अर्धा गुण गेला. त्या अर्ध्या गुणापायी त्याचे फोनवर मित्रांशी बोलणे बंद करण्यात आले. या धड्याच्या लगेच पुढचा धडा 'आपत्ती व्यवस्थापन' आहे. पुस्तक करणाऱ्यांत कोणीतरी पालक असणार.

छंदाचे म्हणाल तर त्याला चित्रे काढायला आवडत. पण एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांचे वाढीव गुण दहावीत मिळतात हे घरात समजले आणि तोही क्लास लागला. आता तो स्थिरचित्रातला माठ बघितला तरी तोंड फिरवतो. राहता राहिले हास्य. हास्यक्लबची चळवळ १९९५ मध्ये सुरू झाली ती मुंबईतच. पण तिथे जे हसतात त्यांची मुले केव्हाच दहावी पार झालेली असतात, हे लक्षात घेतले पाहिजे.

मग मी कायद्याकडे वळलो. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने प्रौढ कामगाराला दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घालून दिली. सलग पाच तास काम झाले की निदान अर्धा तास विसावा, आठवड्याची एक सुट्टी, जादा कामाला दुप्पट दर. चौदा पूर्ण आणि पंधरा अपूर्ण अशा मुलाला तर दिवसाला साडेचार तासच, आणि रात्रपाळी अजिबात नव्हती. हे वाचून दाखवल्यावर भाऊ म्हणाला, "त्याला पंधरा पूर्ण झाली." वाढदिवस साजरा झाला नव्हता, पण तारीख मात्र घरात पाठ होती.

शिवाय जागतिक आरोग्य संघटना भावाच्या बाजूने निघाली. २०१९ मध्ये या संघटनेने 'बर्नआउट'ची नोंद आपल्या वर्गीकरणात घेतली, पण आजार म्हणून नव्हे, तर नोकरीधंद्यातल्या न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हणून; इतर बाबतींत हा शब्द वापरू नये असेही बजावले. म्हणजे जो पगार घेत नाही त्याला हे होऊच शकत नाही. भावाला मात्र होऊ शकते, आणि झालेही आहे. मुलाच्या परीक्षेसाठी त्याने ऑफिसातून महिनाभराची अर्जित रजा टाकली आहे आणि दुपारी जेवून तो दोन तास आडवा होतो. दार लावून घेतो, कारण अभ्यासाचा आवाज येतो.

एवढे सगळे कशासाठी, हा प्रश्न आगाऊ आहे. तरी आकडे सांगतो. २०२५ मध्ये राज्यात दहावीचे ९४.१० टक्के विद्यार्थी पास झाले. २११ जणांना तर शंभरपैकी शंभर टक्के पडले. नापास होण्याची भीती म्हणावी तर ती फार थोड्यांची. पण ज्याला ९८ पडले त्याच्या घरी जे सुतक असते ते ३५ वाल्याकडे कधी दिसले नाही. तिथे पेढे असतात, कधीकधी बँडही. आणि ज्या प्रमाणपत्रासाठी ही धामधूम, ते पुढच्या आयुष्यात बाहेर निघते ते बहुधा जन्मतारीख दाखवायला. पासपोर्टच्या खिडकीवर अजून कोणी बीजगणितात किती होते असे विचारल्याचे ऐकिवात नाही.

२०२१ मध्ये करोनामुळे लेखी परीक्षाच झाली नाही. निकाल लागला ९९.९५ टक्के. आभाळ जागच्या जागी होते. परीक्षा नाही म्हटल्यावर मुलांना जरा बरे वाटेल अशी शंका येताच अकरावीच्या प्रवेशासाठी सीईटी जाहीर झाली. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. मात्र तोवर तिच्या प्रश्नसंचांची खरेदी झाली होती. भावाच्या शेजारी अजून एक पडून आहे, कोरा.

हे सारे पाहून मी बोर्डाला एक नम्र सूचना पाठवणार आहे. पुढच्या वर्षीपासून 'विश्रांती' हा स्वतंत्र विषय करावा. ८० गुण लेखी, २० अंतर्गत मूल्यमापनाचे. त्यात बहिस्थ परीक्षकांसमोर निदान एक डुलकी सक्तीची, आणि जर्नलमध्ये रोजच्या झोपेची नोंद, खाली पालकांची सही. मग बघा. आया नऊला दिवे घालवतील. "झोप, झोप, शेजारचा कधीचा घोरतोय," असे बाप दटावतील. झोपेची व्हेकेशन बॅच निघेल, तिची प्रिलिम होईल, आणि पोरे अंथरुणात का होईना पडतील.

सूचनेचा मसुदा घरी वाचून दाखवला. भाऊ काही बोलला नाही. पुतण्या बसल्या जागी झोपला होता. वहिनींनी मात्र नीट ऐकून घेतले आणि विचारले, "हा बेस्ट फाइव्हमध्ये धरतील ना?"