आयडलला किती?

गेमिंग कॉम्प्युटर बाळगणारा आणि गेम न खेळणारा मुलगा तुमच्याही इमारतीत असेलच. आमचा नागपुरात, तिसऱ्या मजल्यावर राहतो. स्क्रीनच्या कोपऱ्यात प्रोसेसरचं तापमान चमकत असतं. शत्रू गोळ्या झाडतो तेव्हा हा त्या कोपऱ्याकडे बघत असतो, म्हणून दर वेळी मरतो. मेल्यावर खुशीत सांगतो, “पण ७८च्या वर नाही गेलं, काका!”

जगाला त्याचा एकच प्रश्न : “आयडलला किती राहते?” म्हणजे, काम नसताना तापमान किती? मला १०२ ताप आला, तर हा दारातूनच, “ते लोडवर झालं. आयडलला किती राहते?” एका स्थळाकडच्यांनी सांगितलं, मुलगी जरा तापट आहे. याने अदबीने तेच विचारलं. स्थळ गेलं.

२०२२ साली रायझन ७००० आणताना एएमडीनेच सांगितलं होतं, की हे प्रोसेसर ९५ अंशांवर खुशाल चालतील. याला पटत नाही. मटाराएवढी थर्मल पेस्ट पुसतो, पुन्हा लावतो. व्होल्टेज किंचित उतरवतो. (हे मात्र शहाणपणाचं. वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबाने खर्च होते, त्यामुळे थोडं उतरवलं तरी उष्णता बरीच घटते.) पण पंखा लावा नाहीतर पाणी फिरवा, प्रोसेसर काही खोलीपेक्षा गार होत नाही, आणि मे महिन्यात बाहेर ४५! तेव्हा घरातल्या कूलरचं तोंड आता त्या डब्याकडे. आई घामाघूम.

त्याचे बाबा कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रात कंट्रोल रूमला होते. ५०० अंशांच्या वरची वाफ, समोर काटे, तासातासाला लॉगशीट. पोरगा वाढला तेव्हा ते शिफ्टवर. निवृत्तीनंतर बापलेकांत बोलायला विषयच नव्हता.

एके रात्री ते डोकावले. “नव्वद? एवढ्यात आमचा चहा नव्हता होत बे!” असं म्हणत खुर्ची ओढून बसले. मग विचारलं, “हवा येते कुठून, जाते कुठून?” समोरची जाळी धुळीने बुजलेली निघाली, ती स्वतः धुतली. सहा अंश उतरले. ही बातमी दोघांनी मला वेगवेगळी येऊन दिली. तेव्हापासून त्या पोराचा राग मला नीट येत नाही, ही माझी अडचण.

आता टेबलावर आखीव वही असते : वेळ, खोली, प्रोसेसर, शेरा. रात्री एक वाजता बाबा येतात. “जा, झोप. पुढची शिफ्ट माझी.” पोरगा उठतो, आणि चार्ज दिल्याची सही करूनच जातो.