चौदा रुपये साडेचार आणे

आमच्या अण्णा-माईंच्या लग्नाला किती वर्षं झाली, असं आष्टीत कुणालाही विचारलं तर समोरून प्रश्नच यायचा, "कुणाच्या हिशोबानं?" अण्णांच्या हिशोबानं लग्न निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शननंतर झालं, माईच्या हिशोबानं आधी. मराठवाड्यातल्या त्या पिढीला इसवी सन फारसा लागायचा नाही. पोलीस ॲक्शन, लाल मिलो खाल्लेलं दुष्काळाचं साल आणि किल्लारीचा भूकंप, एवढ्यावर त्यांचं सगळं भागायचं. बारशापासून बाराव्यापर्यंत काहीही यांच्या अलीकडं किंवा पलीकडं ढकललं की झालं. आमच्या घरात मात्र एकच लग्न दोन्हीकडं होतं.

आष्टी म्हणजे जालना जिल्ह्यातली, परतूर तालुक्यातली. हे आधी सांगून टाकायची आम्हा आष्टीकरांना सवयच आहे, कारण महाराष्ट्रात आष्ट्या बक्कळ. एक बीड जिल्ह्यातली, ती तर तालुक्याचं ठिकाण. एक वर्ध्याची, जिथं १९४२च्या ऑगस्टमध्ये माणसं हुतात्मा झाली. एक मोहोळकडची, जिथं २० फेब्रुवारी १८१८ रोजी सेनापती बापू गोखले पडले. शिवाय एक गडचिरोलीत, वैनगंगेच्या काठी. सगळ्यांना काही ना काही आहे आणि आपल्याला नाही, हे अण्णांना लागायचं. "लढाई झाली ती आष्टी वेगळी," असं पाहुण्यांना सांगताना ते एकदा आतल्या खोलीकडं बघून घ्यायचे.

माईचं म्हणणं असं, की लग्न वैशाखात लागलं तेव्हा रझाकारांनी धुमाकूळ घातला होता. माणसं निजामाची हद्द ओलांडून वऱ्हाडाकडं पळत होती. वाजंत्री नाही, गॅसबत्ती नाही. सेलूला तिच्या माहेरी गपचूप अक्षता पडल्या आणि रेल्वेत रझाकार असतात म्हणून वऱ्हाड सेलूहून आष्टीपर्यंत आडरस्त्यानं बैलगाडीत आलं.

अण्णांना हे साफ नामंजूर. त्यांच्या आठवणीत वाजंत्री होती, एवढंच नाही तर वाजंत्रीवाल्यानं ठरल्यापेक्षा जास्त पैसे मागितले होते. वऱ्हाड छोट्या लाइनच्या गाडीनं सेलूहून परतूरला आलं होतं.

"तुझं तिकीट मी काढलं. करवलीचं अर्धं."

"माझ्या गाडीला बैल होते."

"ते परतूर टेसनापासून पुढं."

"बैलांची नावं सांगू?"

आणि माई खरोखरच सांगायची, डावा कोण अन् उजवा कोण यासकट. तिला त्या बैलांची नावं तोंडपाठ. अण्णांचं नाव मात्र तिच्या तोंडून आम्ही कधी ऐकलं नव्हतं. कोर्टात अशी साक्ष टिकली असती की नाही कोण जाणे, पण आमच्या ओसरीवर टिकायची. अण्णा चष्मा पुसायला घ्यायचे.

मग ते हुंड्यावर यायचे. निजामाच्या राज्यात दोन रुपये चालत. एक निजामाचा हाली, दुसरा इंग्रजांचा कलदार. सात हाली दिले की सहा कलदार. अण्णांच्या वडिलांनी शंभर रुपये ठरवले होते ते कलदार, असं अण्णांचं म्हणणं. आले ते हाली. म्हणजे चौदा रुपये साडेचार आण्यांचा खड्डा. हुंडा घ्यावा का, हा प्रश्न तेव्हा त्या घरात कुणाला पडला नाही. कुठला रुपया घ्यावा, एवढाच पडला. माईचं उत्तर ठरलेलं : तिच्या बापानं कलदारच मोजले होते, वाटेत कुणी बदलले ते सासऱ्यांना विचारा. सासरे तोवर स्वर्गवासी झालेले. हाली रुपया १९५९ साली चलनातून गेला. आमच्या घरात तो पुढं चाळीस वर्षं चालला.

अण्णांचं किराणा दुकान होतं. शाळा निजामाची असल्यामुळं अक्षर उर्दूत वळलेलं. दुकानाचा रोजमेळ मराठीत, पण खाजगी वही उर्दूत. कुणाला गुपचूप उसने दिले, तंबाखूला किती गेले, बहिणीला राखीपौर्णिमेला खरोखर किती घातले, हे सगळं त्या वहीत उजवीकडून डावीकडं. माईला मराठीसुद्धा अडखळतच वाचता यायचं. पण शेजारच्या चाचीला उर्दू येत होतं. दुपारी अण्णा दुकानात डुलकी घेत असताना वही पदराखालून चाचीकडं जायची, चाची ती खड्या आवाजात वाचायची आणि गल्लीतल्या बाया शेंगा फोडत ऐकायच्या. त्यामुळं अण्णांची गुपितं सगळ्या गल्लीला ठाऊक होती. ठाऊक नव्हतं ते फक्त अण्णांना, की ती ठाऊक आहेत.

दोघांनी घर कधी बदललं नाही, पण घराचा पत्ता सारखा बदलत गेला. १९५६ साली ते बसल्या जागी हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आले, १९६० साली महाराष्ट्रात. याचं माईला काही नाही. पण १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला आणि परतूर तालुका परभणीतून निघून जालन्यात आला. सेलू परभणीतच राहिलं. अण्णांनी ही बातमी वाचून दाखवली तेव्हा माई भाकरी थापत होती. ती थांबली आणि म्हणाली, "म्हंजी आता मी परजिल्ह्याची. जरा नीट बोलत जा." त्यानंतर माहेरी जाताना ती दोन दिवस आधी सांगायला लागली. लांबचा प्रवास म्हणून.

१९९८ साली काकांनी लग्नाचा पन्नासावा वाढदिवस करायचा घाट घातला. ती वही बाहेर आली, चाचीलाच बोलावणं गेलं. लग्नाच्या नोंदीवर फसली साल होतं, १३५८. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतो, एवढं काकांना ठाऊक होतं. आले १९४८. माई जिंकली. दारात मंडप पडला, येसरच्या आमटीचं पातेलं चढलं. अण्णा पहिल्या रांगेत जाऊन बसले, पण आमंत्रित म्हणून. मुलांनी हार घालायला ओढलं तर म्हणाले, "माझा पुढच्या वर्षी हाये."

पुण्याचे आत्येभाऊ त्या दिवशी आलेच नाहीत. संध्याकाळी त्यांचा एसटीडी बूथवरून फोन आला, की आष्टी दोनदा फिरून झाली, मंडप काही दिसंना. ते नगरमार्गे बीडच्या आष्टीत उतरले होते. माईनं फोन घेतला आणि आधी विचारलं, "जेवलास का?"

पंगतीत एक निवृत्त तलाठी होते. ताक पिता पिता ते म्हणाले, निजामाचं फसली साल ऑक्टोबरात सुरू व्हायचं. जानेवारीपासून पुढच्या महिन्यांना ५९० नाही, ५९१ मिळवावे लागतात. वैशाख म्हणजे ५९१. म्हणजे १९४९. अण्णांनी तलाठ्यांना स्वतःच्या हातानं आणखी एक जिलेबी वाढली.

माई डगमगली नाही. "वही कुणी लिव्हली? यांनीच ना? मग ती माझ्याकडनं कशाला बोलंल?" मुद्दा बिनतोड होता. तरीही १९९९ साली पुन्हा मंडप पडला. मंडपवाल्यानं भाव कमी केला, त्याला वाटलं दरवर्षीचं गिऱ्हाईक लागलं. या वेळच्या पत्रिकेत 'आष्टी, ता. परतूर, जि. जालना' ही अक्षरं नवरा-नवरीच्या नावांपेक्षा मोठी होती.

अण्णांनी हार घालून घेतला. बायांनी माईला गराडा घातला, नाव घ्या, नाव घ्या. तिनं आधी आढेवेढे घेतले, मग डोक्यावरचा पदर सारखा केला आणि आयुष्यात पहिल्यांदा आमच्या देखत अण्णांचं नाव घेतलं. ते नाव इथं नुसतं 'राव' म्हणून देतो :

"सात हालीला मिळती कलदार सहा,
रावांचं नाव घेते, साल चुकलंय, पत्रिका पहा."

मंडप हसून कोसळायचा बाकी राहिला. तलाठ्यांनी सुद्धा टाळ्या वाजवल्या. अण्णा तेवढे हसले नाहीत. ते ओठांतल्या ओठांत काहीतरी हिशोब करत होते. हसू जरा ओसरल्यावर ते खुर्चीतून पुढं वाकले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

"म्हंजी तुझ्या बापानं हालीच दिले, हे कबूल?"