गंजाची काट

भंगारवाल्यानं आमच्या परड्याचं फाटक काट्यावर चढवलं आणि तळहातानं थोपटलं, तेव्हा त्यातून कुंकवाची डबी सांडावी तशी तांबूस धूळ उडाली. "मास्तर, गंजाची काट धरावी लागंल," तो म्हणाला. आयुष्यभर दहावीला विज्ञान शिकवलेल्या माणसानं अशा वेळी गप्प बसावं, पण ते जमत नाही. म्हटलं, अरे, गंज म्हणजे लोखंड अधिक हवेतला ऑक्सिजन. १०० ग्रॅम लोखंड पुरतं गंजलं तर ४३ ग्रॅम ऑक्सिजन त्यात येऊन बसतो, ओल वेगळीच. फाटक जड झालंय, काट कसली? त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. "बरोबर हाय की. पर मी लोखंड घ्यायला आलोय, हवा न्हाय."

कोरेगाव भीमाच्या भर उन्हात, पुणे-नगर रस्त्यावरच्या ट्रकांच्या आवाजात, मी इतका निरुत्तर पूर्वी एकदाच झालो होतो. धातूंची क्रियाशीलता श्रेणी फळ्यावर लिहून झाली होती. सगळ्यात वर पोटॅशियम आणि सोडियम. कुणाशीही इतके चटकन जुळणारे, की त्यांना हवा-पाणी दिसूसुद्धा द्यायचं नाही. प्रयोगशाळेत ते रॉकेलच्या बाटलीत बुडून असतात, वांड पोरांना शिस्तीच्या मामाकडे शिकायला ठेवावं तसे. मध्ये जस्त, लोखंड, शिसं अशी संसारी मंडळी. तळाशी सोनं. कुणाच्या सुखदुःखात पडायचं नाही, हवापाण्याशी बोलायचं नाही, आणि तरी गळ्यात मिरवायचं त्यालाच. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, म्हणजे जो काहीच करत नाही तोच सगळ्यात महाग?" त्या दिवशी उरलेला तास मी फळ्याकडे तोंड करून घेतला.

मुलं ही श्रेणी वरून खाली पाठ करतात. माणसानं मात्र ती खालून वर वाचली. सोनं नदीच्या वाळूत जसंच्या तसं सापडलं. तांब्यानं कोळशाच्या धगीत आपला ऑक्सिजन फारशी कुरकुर न करता सोडला. लोखंड त्याहून चिवट, त्याला पुढे झोतभट्ट्या उभाराव्या लागल्या. आमच्याच शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात तिथं उत्खनन केलं, तेव्हा साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं एक शेतकऱ्यांचं गाव वर आलं. त्यांच्याकडे तांबं होतं, पण अगदी जपून वापरायचं, थोडकं. रोजची कापाकापी दगडी पात्यांनीच चाले. गंमत अशी, की लोह त्यांच्या पायाखालीच होतं. आमच्या काळ्या दगडात ते असतंच. लहानपणी आम्ही भीमेच्या वाळूत लोहचुंबक फिरवायचो, तेव्हा त्याला काळ्या कणांच्या मिश्या फुटायच्या. पण त्या मिश्यांचा नांगर काही होत नाही.

आणि अ‍ॅल्युमिनिअम! आईच्या तोंडी ते 'जर्मन'. जर्मनचं पातेलं म्हणजे ओढग्रस्तीची खूण. दारात पाहुणा दिसला की ते आधी फडताळामागे जायचं. त्या पातेल्याची कुळकथा तिला कुणी सांगितली नव्हती. बॉक्साइटच्या तांबड्या मातीत, आपल्याकडे कोल्हापूरच्या डोंगरमाथ्यावर सापडते तशा, अ‍ॅल्युमिनिअमनं ऑक्सिजनला अशी मिठी मारलेली असते, की कोळशाच्या भट्टीची तिथं डाळ शिजत नाही. १८८६ साली अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू या दोन विशीतल्या पोरांनी, एकमेकांची काही खबर नसताना, ती मिठी विजेनं सोडवली. दोघांचा जन्म १८६३चा आणि मृत्यूही १९१४ या एकाच सालातला. पत्रिका जुळायच्या त्या अशा जुळाव्यात. आजही एक टन अ‍ॅल्युमिनिअमला १४,००० युनिटच्या आसपास वीज लागते. म्हणजे फडताळामागे लपवलेल्या त्या किलोभराच्या पातेल्यात चौदा युनिट वीज गोठलेली होती, आणि आमच्या घरात तेव्हा दिवा एकच होता.

फाटकाचं म्हणाल तर त्याला भट्टीनं ऑक्सिजनपासून तोडलं, पण त्याचं मन काही तुटलं नव्हतं. नदीवरून येणाऱ्या दमट वाऱ्याशी त्याचं रात्रंदिवस कुजबुजणं चाले. दर दिवाळीला आम्ही ते खरवडायचो आणि रेडऑक्साईड फासायचो. हा रेडऑक्साईड म्हणजेही लोहाचा ऑक्साइडच, गंजाचा सख्खा चुलतभाऊ; चोराच्या भावाला राखणीला बसवण्यातला हा प्रकार. तरी चाळीस पावसाळे निघाले. खालच्या सळया भुसभुशीत झाल्या, बिजागऱ्या मातीच्या रंगाच्या झाल्या. फक्त कडी तेवढी गुळगुळीत राहिली होती. वडील संध्याकाळच्या एसटीनं यायचे, आणि आई त्या कडीवर हात ठेवून रस्त्याकडे बघत उभी असायची. रोजच्या त्या हातानं गंजाला तिथं बूड टेकूच दिलं नाही. हे कुठल्याच पाठ्यपुस्तकात नाही, आणि मीही कधी शिकवलं नाही.

भंगारवाल्याचं लक्ष कडीकडे गेलं. "ही काढून ठिवा मास्तर, चांगली हाय," म्हणाला, आणि त्यानंच छिन्नी लावून ती सोडवून दिली. तिचे पैसे मी विचारले नाहीत, त्यानंही कापले नाहीत. हे सगळं भंगार जालन्याच्या भट्ट्यांकडे जातं, असं तो म्हणाला. तिथं वितळून त्याच्या सळया होतात.

फाटक बावीस किलो भरलं, काट दीड किलोची लागली. कडी आता कपाटात आहे, खोबरेलाचं बोट फिरवून ठेवलेली.